दोराचं दुसरं टोक

त्या वर्षी तळ्याचं पाणी इतकं मागं गेलं की धुण्याचे दगड कोरड्यात उभे राहिले. बायका दगड सोडून पार आत चिखलात जाऊन कपडे बुडवू लागल्या. पण दुष्काळ सगळ्यांना सारखा येत नाही. शेतं पडीक राहिली, गुरं विकली गेली, आणि विहिरी खोल करणाऱ्यांना मात्र जेवायला उसंत राहिली नाही. विहीर खोल करायची म्हणजे दोर लागतो. जाड, लांब आणि भरवशाचा. दिवसभर त्याला दगडांची टोपली बांधून वर ओढायची आणि संध्याकाळी त्याच दोराला धरून माणसांनी वर यायचं. म्हणून विहिरींच्या कामाचा ठेकेदार स्वतः दोरवाल्याच्या दारात आला होता.

"दोर तुमच्याच घरचा पाहिजे," तो म्हणाला. "बाईंच्या हातचा."

"बाई गेली."

"हो, कानावर आलं. वाईट झालं." ठेकेदारानं टोपी काढली, थोडा वेळ हातात धरली, पुन्हा घातली. "मग आता पेड कोण काढतं?"

"मी."

ठेकेदारानं त्याच्या हातांकडं पाहिलं. घोडा घेताना दातांकडं पाहतात तसं. "बघा बुवा," म्हणाला. "माणसं खाली उतरणार आहेत."

या घरात कामं वाटलेली होती. घायपाताची पानं कापायची, पाण्यात कुजत घालायची, बडवायची, धुऊन वाळवून त्यांच्या धाग्यांचा वाख घरी आणायचा, हे दोरवाल्याचं काम. तयार दोर बाजारात नेऊन विकायचा, तेही त्याचंच. मधलं काम बायकोचं. ती कमरेला ओलसर केलेल्या वाखाचा पुंजका बांधायची, त्यातले धागे चाकाच्या आकड्यात अडकवायची, आणि मुलीनं चाक फिरवायला घेतलं की बोटांतून वाख सोडत उलट्या पावलांनी मागं मागं जायची. घराच्या भिंतीपासून निघायची ती टोकाच्या झाडापर्यंत. ती जाईल तसा तिच्या आणि चाकाच्या मध्ये पेड तयार होत जायचा. असे तीन पेड झाले की दोरवाला ते एकत्र पिळायचा, आणि लोक म्हणायचे, दोर त्यानं वळला. तोही तसंच म्हणायचा.

झाडाजवळ गेलेल्या माणसाशी चाकाजवळून बोलायचं तर घसा बसतो. म्हणून खुणा ठरलेल्या. पेडाला एक हिसका म्हणजे थांब. दोन हिसके म्हणजे जोरात. हे त्याला त्याच्या बापानं शिकवलं, त्यानं बायकोला शिकवलं, बायकोनं मुलीला. त्यात आणखी काही असेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

थंडी सरता सरता बायको छातीच्या दुखण्यानं गेली. आता तिच्या जागी कमरेला वाख बांधून तो चालत होता. तिच्या टाचांनी घासून घासून जमिनीत वाट पडली होती, गुळगुळीत आणि अरुंद. त्याची रुंद पावलं त्या वाटेत मावत नव्हती. तिनं कधी मागं वळून पाहिलेलं त्याला आठवत नव्हतं. तो चार पावलं गेला की मान वळवायचा, मान वळली की हात चुकायचा, आणि पेडात गुठळी यायची. वाखानं बोटांची आतली बाजू सोलून निघाली होती. त्याच्या हातांना घट्टे होते, पण ते भलत्या ठिकाणी.

त्याची थोरली बहीण उंबऱ्यात बसून हे बघायची. मातीसाठी म्हणून आली ती तिथंच राहिली होती.

"खेकड्यासारखा काय चालतोस रे? ती कशी चालायची! जसं कुणी मागून हात धरून नेतंय."

"अक्का, तू आत जा. चुलीकडं बघ."

"चुलीला काय बघायचं? ती तुझ्यासारखी वाकडी चालत नाही."

चाकाजवळ बसलेली मुलगी खाली मान घालून हसली. तेवढंच. त्याच्याशी ती कामापुरतं बोलायची. चहा ठेवू का, वाख संपला का, दिवा लावू का.

मुलगी लिहायची. घरात ते लपलेलं नव्हतं. शाळेत असल्यापासून ती लिहीत होती आणि दोरवाल्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. कुणी वेलबुट्टी काढतं, कुणी लिहितं. त्याला स्वतःला आकडे येत होते, अक्षरं लावून लावून वाचावी लागायची. बायकोला तर तेवढंही येत नव्हतं. त्यामुळं लिहिणं हे मुलीचं एकटीचं आहे असं तो समजून चालला होता.

मग एका साप्ताहिकात तिची कथा छापून आली. चहावाला ते साप्ताहिक गिऱ्हाइकांसाठी घ्यायचा आणि पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचा. दोरवाला खांद्यावर दोरांची वेटोळी घेऊन बाजारातून परतत होता, तेव्हा चहावाल्यानं त्याला हाक मारून थांबवलं आणि भरल्या दुकानात कथा वाचली.

कथा आईची होती. आई पेड काढते. आई तापलेल्या पोरीला चाकाशेजारी निजवते आणि येता जाता पायाच्या अंगठ्यानं तिचं पांघरूण सारखं करते. आई तळ्यातून निथळत येते. माणसं कप खाली ठेवून ऐकत होती. दोरवाला दारातच उभा होता, वेटोळी उतरवायचीही त्याला शुद्ध नव्हती. तो वाट बघत होता. अर्ध्याच्या पुढं एक ओळ आली, "बाप बाजाराला गेला होता." मग पुन्हा आई.

"संपली," चहावाला म्हणाला आणि उपरण्यानं डोळे पुसले. "काय लिहिलंय पोरीनं! नशीबवान बाई."

"माझं पुढं काही येतं का?" दोरवाल्यानं विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, जीभ झडली असती तर बरं.

चहावाल्यानं पान उलटून पाहिलं, सुलटं करून पाहिलं. "नाही बुवा. तुम्ही बाजाराला गेलात ते परत आलाच नाहीत."

दुकान हसलं. वाईट हेतूनं नाही, पण हसलं. तेव्हापासून तो रस्त्यानं निघाला की कुणीतरी म्हणायचंच, "काय, आज बाजार का?"

तो घरी येऊन वेटोळी टाकून बसला. बाजार काय तो स्वतःच्या हौसेसाठी करत होता? ऊन डोक्यावर घेऊन, गिऱ्हाइकाच्या शिव्या खाऊन, दोन माणसांचं ओझं एका खांद्यावर वाहून? घरात काय घडत होतं ते बघायला तो घरी नव्हता, कारण घर चालवत होता. आणि कथा लिहायची वेळ आली तेव्हा सगळं तिचं. जिवंतपणी बायकोनं त्याच्या ताटातला घास कधी घेतला नव्हता. मेल्यावर सगळं ताटच ओढून घेतलं.

दोन-चार दिवसांनी पेड तुटला. सकाळचं काम चाललं होतं. तो झाडाच्या अलीकडं पोचला होता आणि कमरेचा वाख विरळ झाला म्हणून त्यानं एक हिसका दिला. चाक थांबलं नाही. उलट तिकडून मुलीचा आवाज मोठा झाला. ती काहीतरी पुटपुटत होती ते तिनं पुन्हा पहिल्यापासून, ठासून म्हटलं. त्यानं परत हिसका दिला. तिनं परत म्हटलं, शब्द थोडे बदलून. तोवर पेडाला इतका पीळ बसला की तो मध्येच वेटोळं घालून आखडला, तुटला आणि त्याच्या बोटांवर चाबकासारखा बसला.

"कान फुटले का तुझे?" तो ओरडत चाकापर्यंत आला. "एक हिसका म्हणजे काय? थांब म्हणजे थांब!"

मुलगी चाकाची मूठ धरून तशीच बसली होती. "चुकलं, बाबा," ती म्हणाली. "मला वाटलं, आई."

त्याला काही समजलं नाही. जेवताना बहिणीनं समजावलं.

"तुला माहीत नाही? कमाल आहे. अरे, ही चाकावर बसून आपलं लिहिलेलं सांगायची आणि ती पेड काढता काढता ऐकायची. कुठं खोटं वाटलं की एक हिसका. मग ही ते वाक्य मोडून पुन्हा सांगायची. खरं वाटेपर्यंत. लांब गेली आणि ऐकू येईना की दोन हिसके, म्हणजे मोठ्यानं सांग. मी आले की बघत बसायचे. करमणूक असायची."

"कधीपासून?"

"ही एवढीशी होती तेव्हापासून." बहिणीनं हातानं उंची दाखवली. "ही कितीदा म्हणायची, आई, मला नाही जमत, सोडते. ती म्हणायची, चाकावरून उठून दाखव आधी. हात फिरतोय तोवर तोंड चालव. तिनं रेटलं म्हणून ही टिकली. नाहीतर आपल्या घराण्यात लिहिणारं कोण आहे? आपल्याला एक चऱ्हाट वळायचं ठाऊक."

मुलगी ताटाकडं बघत होती. दोरवाल्याचा घास तोंडात फिरत राहिला. त्याचा दोर, त्याच्या बापाची खूण, आणि त्यावर दोघी मायलेकी इतकी वर्षं बोलत होत्या. हा दोर तो दर आठवड्याला खांद्यावर टाकून बाजारात नेत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मग ती दुपार आठवली. ती त्याला आठवायचीच, पण आता तिला दात फुटले. बायकोचा शेवटचा दिवस. तो खाटेशी बसला होता. ती म्हणाली, "अहो, तुम्ही जरा बाहेर बसा. पोरीला आत पाठवा." तो बाहेर पायरीवर बसला. दार लोटलेलं. आतून मुलीचा आवाज येत होता, मध्येच बायकोचा, बारीक, तुटक. एकदा ती हसल्यासारखंही वाटलं, की तो खोकलाच होता, कोण जाणे. त्याला बोलावलं तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तीस वर्षांच्या संसाराचा शेवटचा तास त्यानं चपलांशेजारी काढला.

दुसऱ्या दिवशी त्यानं कमरेला वाख बांधला आणि मुलीला म्हणाला, "सांग की. काय सांगायचीस ते. मला कुठं कान नाहीत?"

मुलीनं चाकाची मूठ सोडली. मग हळूच म्हणाली, "खोटं वाटलं तर ओढाल?"

"ओढीन."

ती चाकाशी सरळ बसली. पोरीच्या अंगात इतक्या दिवसांनी जीव आलेला त्यानं पाहिला, आणि तोही त्याला टोचला. हा जीव त्याच्यासाठी आलेला नव्हता.

साप्ताहिकवाल्यांनी आणखी एक कथा मागितली होती. ती आईचीच होती. चाक फिरू लागलं, तो मागं निघाला, आणि मुलगी सांगू लागली. "आई तळ्यात उभी राहिली की पाणी आधी गढूळ व्हायचं, आणि मग तिच्याभोवती निवळायचं, कारण ती हलायचीच नाही."

हे त्यानं स्वतः पाहिलं होतं. तिच्याशेजारी वाखाची जुडी धुताना पाहिलं होतं, आणि तिच्या पिंढऱ्यांशी मासोळ्या यायच्या तेही. त्यानं पेड ओढला.

चाक थांबलं. "खोटं?"

"पाणी कधी असं निवळतं का?"

तिनं ओठ चावला. "बरं," म्हणाली. "काढते."

इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं आणखी ओढलं. आई अंगठ्यानं पांघरूण सारखं करायची तिथं ओढलं. आई गाणं अर्धवट म्हणायची तिथं ओढलं. मुलगी प्रत्येक वेळी थांबायची, विचार करायची, "बरं" म्हणायची. एकदा ती म्हणाली, "आई हसताना तोंडावर हात घ्यायची, आणि हाताला ओल्या वाखाचा वास असायचा म्हणून लगेच शिंकायची. हसली की शिंक ठरलेली."

ते शिंकणं त्याचं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात त्यानं ते शोधून काढलं होतं आणि ती शिंकावी म्हणून तो मुद्दाम काहीबाही बोलून तिला हसवायचा. ते या पोरीला कुठून मिळालं? तेही घेतलं? त्यानं इतक्या जोरात ओढलं की चाकाची चौकट जमिनीतून उचलली गेली.

"हे पण?" मुलगी म्हणाली.

"मी तीस वर्षं राहिलो तिच्याबरोबर. मला माहीत नसेल?"

त्यानंतर ती फार सांगेना. एक वाक्य म्हणायची आणि हिसक्याची वाट बघायची. हिसका आला नाही तरी अडखळायची. संध्याकाळी दिव्याशी बसायची ती कागद पुढ्यात घेऊन नुसतीच बसायची. बहीण म्हणाली, "काय गं, आज लेखणी उपाशी?" तर उठून भांडी घासायला गेली. आणि एक दिवस चाकावर ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तोवर ठेकेदाराचा दोर तयार झाला होता. ठेकेदार दोन माणसं घेऊन आला. दोर अंगणात पसरला, आणि त्यानं डोळे मिटून दोर हातातून सोडायला सुरुवात केली. सगळे बघत होते. चहावालाही आला होता, त्याला कुठंही काही चाललंय म्हटलं की यायचं असे.

"इथं फुगीर आहे," ठेकेदार म्हणाला. "इथं मऊ. इथं चाक थांबलं होतं तुमचं. इथं पण." तो पुढं सरकत होता. "हे काय? इथं कुणी रागानं ओढलंय का?"

दोरवाल्यानं सोललेली बोटं मुठीत लपवली.

"इतकं थांबून थांबून दोर होतो का कुठं? पीळ सैल पडलाय जागोजागी. ह्याला माणूस कसा बांधू मी?" त्यानं दोर खाली ठेवला. तो फेकला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं नीट ठेवला. "गुरं बांधायला चालेल. बाईंच्या दोराला मी कधी हात लावून बघितला नव्हता हो. नुसता घेऊन जायचो. आठ दिवसांत दुसरा देत असाल तर बघा, नाहीतर मला लांबून आणावा लागेल."

"देतो," दोरवाला म्हणाला.

चहावाला जाता जाता हळू आवाजात म्हणाला, "बाजारच बरा होता म्हणायचा." तोही जरा वरमून.

माणसं गेल्यावर दोरवाला दोराशी बसला. वळलेला दोर उकलायला वळण्यापेक्षा वाईट. त्यानं तीन पेड सुटे केले आणि एकेक हातातून सोडला. ठेकेदाराला नुसतं फुगीर आणि मऊ लागलं होतं. याला त्यातलं प्रत्येक ठिकाण कळत होतं. हे तळ्याचं पाणी. हे पांघरूण. हे गाणं. आणि हे, झाडाच्या जवळ, जिथं वाख पार पिंजल्यासारखा फुलला होता, ती शिंक. अक्षरं लावून लावून वाचणारा माणूस, पण हे त्यानं न अडता वाचलं.

बहीण पाणी घेऊन आली. "पोरीनं लिहिणं सोडलं," म्हणाली. "सकाळी मला म्हणाली, आत्या, माझं सगळं खोटंच निघतं. आई प्रेमापोटी सोडून देत असणार."

"असं म्हणाली?"

"म्हणाली. तू काय केलंस मला माहीत नाही. पण काहीतरी केलंस. लहानपणी माझी बाहुली विहिरीत टाकून असाच बसायचास."

नव्या दोराचं काम सुरू झालं. मुलगी चाक फिरवायची, तो मागं जायचा. ती गप्प, तो गप्प. मध्ये थांबणं नाही की हिसका नाही, त्यामुळं पेड एकसारखा निघू लागला. पहिला पेड तर बायकोच्या हातचा म्हणून खपला असता. आता त्याची मानही वळत नव्हती. टाचांना वाट सापडली होती. आणि त्याला करमेना. चाकाचा कुरकुर आवाज तेवढा. झाडापर्यंत जायचं, परत यायचं. ही बाई इतकी वर्षं हेच काम करून संध्याकाळी टवटवीत कशी असायची, ते त्याला आता कळत होतं. तो रिकाम्या दोराचं टोक धरून चालत होता. ती कधीच रिकामा दोर धरून चालली नव्हती. याचाही त्याला हेवा वाटला, पण आधीसारखा नाही. आधी वाटायचं, तिच्याकडून काढून घ्यावं. आता वाटलं, मलाही हवं.

दुसरा पेडही झाला. तिसऱ्याच्या वेळी त्यानं आकड्यात वाख अडकवला आणि तिथंच उभा राहिला.

"सांगत का नाहीस?"

"काय सांगू? नाही येत मला, बाबा."

"चाकावरून उठून दाखव आधी," तो म्हणाला.

मुलीनं झटकन वर पाहिलं. त्यानं नजर चुकवली आणि मागं चालू लागला. चाक फिरायला लागलं. बराच वेळ नुसतं फिरलं. मग ती म्हणाली, "बरं. आता तुमचं सांगते."

त्याची पावलं हळू झाली. ती सांगत होती, तो ऐकत होता. बाप बाजारातून यायचा तेव्हा त्याच्या खांद्यावर दोराचा वळ उठलेला असायचा, लाल, तिरका. आई त्यावर तेल लावायची आणि बाप दुखत नाही म्हणायचा. बाप तळ्यावर निघाला की आई दारात येऊन बघायची. तो ऐकत मागं जात होता. चहाच्या भरल्या दुकानात चहावाला हे वाचतोय असं त्याला दिसू लागलं. कप खाली ठेवलेले. कुणी हसत नाही.

"शेवटच्या दिवशी," मुलगी म्हणाली, "आईनं बापाला जवळ बोलावलं. त्याचा हात हातात घेतला. मला म्हणाली, तू बाहेर बस. मी बाहेर पायरीवर बसले आणि दार लोटून घेतलं."

तो चालायचा थांबला नाही. दोन पावलं गेला. तिसरं टाकलं. किती सुंदर झालं होतं. नुसतं होऊ द्यायचं होतं. छापून आलं की तेच खरं, गाव तेच म्हणणार, अक्काही म्हणेल, हो की, तसंच झालं होतं. वर्षभरानं कदाचित त्यालाही तसंच आठवेल. बोटांतून वाख जात होता. बोटं तो कमीजास्त सोडत होती आणि त्यानं पेड बिघडायला लागला होता, हे त्याला न बघता कळलं.

त्यानं पेड ओढला. एकदाच. अगदी हलका.

चाक थांबलं.

तो झाडाच्या अर्ध्या वाटेवर उभा होता. त्याला ओरडावं लागलं. "खोटं आहे ते!"

"मग काय लिहू?"

"झालं ते लिही. मला बाहेर काढलं. तू आत होतीस."

मुलीनं चाकाच्या मुठीवर कपाळ टेकलं. मग डोकं वर केलं आणि चाक फिरवायला घेतलं. तो मागं निघाला. ती सांगू लागली, शब्द शोधत, जागोजाग अडत.

"शेवटच्या दिवशी आईनं बापाला बाहेर बसवलं. मला म्हणाली, ह्यांच्याबद्दल बोलायचंय, ह्यांच्या देखत कसं बोलू? म्हणाली, माझ्यामागं दोराचं हे टोक ह्यांच्या हातात दे. मी म्हणाले, बाबांना लिहिण्यातलं काय कळतं? तर म्हणाली, कान जड आहेत, पण हात चांगला आहे. आधी रुसतील. तुझ्या गोष्टी मी एकटी खात होते म्हणून रुसतील. रुसले की एखादा दोर बिघडवतील. बिघडू दे. मग तिला हसू आलं. तोंडावर हात घेतला, आणि..."

मुलगी थांबली. चाक फिरतच होतं.

"आणि काय?" तो ओरडला.

"शिंकली."

त्यानं पेड धरून ठेवला होता. हात वाट बघत होता, ओढावं का. ओढावंसं वाटेना. 'एखादा दोर बिघडवतील, बिघडू दे' हे असलं ती सोडून दुसरं कुणी बोलूच शकलं नसतं. म्हणजे तो खोकला नव्हता.

"आधी का नाही सांगितलंस?"

"आई म्हणाली, आपणहून खरं ओढतील तेव्हा सांग. तोवर गप्प राहा."

दोरवाला नाक ओढत उभा राहिला. हातात पेड असल्यामुळं डोळे पुसता येत नव्हते.

"मी मागं ओढलं होतं ना," तो म्हणाला, "पाण्याचं."

"हं."

"खरं होतं ते. मासोळ्या पण यायच्या तिच्या पायाशी. ते तू घातलं नाहीस. पांघरुणाचं खरं होतं. गाण्याचं खरं होतं."

"मला त्यातले काही हिसके रागाचे वाटत होते," मुलगी म्हणाली. "पण कुठले ते कळेना. म्हणून सगळंच सोडून दिलं."

"रागाचेच होते. सगळे." तो घसा साफ करून म्हणाला, "आणि शिंक माझी होती. म्हणजे, आधी मला सापडली होती. पण असू दे. घाल."

"कशी सापडली होती?"

"ते नंतर सांगतो. पेड वाळतोय. पहिल्यापासून घे."

चाक फिरू लागलं. मुलीनं पहिल्यापासून घेतलं. तळं, गढूळ पाणी, न हलणारी बाई. तो कमरेचा वाख बोटांतून सोडत मागं चालला. उंबऱ्यात बहीण भाजी चिरायची थांबून ऐकत होती. ऊन तापलं होतं, तळ्याकडून चिखलाचा वास येत होता, आणि पेड एकसारखा निघत होता. तो जसा लांब गेला तसा मुलीचा आवाज बारीक झाला. मासोळ्या आल्या तिथवर त्याला ऐकू आलं. पुढं नुसते ओठ हलताना दिसायला लागले. पाठ झाडाला टेकली.

तो मान पुढं काढून उभा राहिला. तरी ऐकू येईना.

मग त्यानं पेड दोनदा ओढला.